आठ महिने सवलतीच्या दुकानातून महिन्याचं सामान: भाव चांगले, पाट्या बेभरवशाच्या

गेल्या रविवारी चहाच्या एका पाकिटापायी मी बिलाच्या काउंटरवर पंचवीस मिनिटं उभी होते. रॅकवरच्या पिवळ्या पाटीवर एक किलो चहाचा दर ४५८ रुपये होता आणि बिलात ४९२ आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, सिस्टिममध्ये हाच दर आहे." मी म्हटलं, "सिस्टिम मला रॅकपाशी दिसत नाही. तिथे मला पाटी दिसते, आणि ती वाचूनच मी पाकीट उचललं." मागच्या रांगेतून एक गृहस्थ बोलले, "अहो ताई, चौतीस रुपयांसाठी कशाला एवढं?" ते मला लागलं. चौतीस रुपयांत आमच्या घरी गायीचं अर्धा लिटर दूध येतं. ते पैसे मी का सोडावेत?

पाटीचा फोटो मोबाइलमध्ये होता, म्हणून निभावलं. सुपरवायझर आला, रॅकपर्यंत गेला, परत आला आणि म्हणाला की ती मागच्या आठवड्याच्या ऑफरची पाटी आहे, काढायची राहिली. जुनं बिल रद्द करून नवं बिल काढलं, ३४ रुपये परत मिळाले. घरी येताना रिक्षातच ठरवलं, या दुकानाबद्दल आता सविस्तर लिहायचं.

दुकानाचं नाव देत नाही. नवी मुंबईत आणि ठाण्यात अशी मोठी दुकानं आता जागोजागी आहेत आणि ती कशी चालतात हे सगळ्यांना माहीत आहे: एमआरपीपेक्षा कमी दर, खाली किराणा, वर कपडे-भांडी, दाराशी बिलावर शिक्का. ते सांगण्यात वेळ घालवत नाही.

आम्ही कोपरखैरण्याचे. घरात पाच माणसं, त्यात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मागच्या जूनपर्यंत सगळं सामान कोपऱ्यावरच्या वाण्याकडून यायचं. चिठ्ठी द्यायची, संध्याकाळी पोऱ्या माल आणून टाकायचा, पैसे पाच तारखेनंतर. जूनमध्ये मुलांची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश असं सगळं एकदम अंगावर आलं आणि हाताशी काही उरेना, तेव्हा या दुकानात जायला लागले. सासूबाईंची भाव लिहायची एक जुनी सवय आहे, लाल पुठ्ठ्याच्या वहीत. तीच वही मी पुढे चालवली. डाव्या बाजूला वाण्याचा दर, उजव्या बाजूला या दुकानाचा. जून ते जानेवारी, महिन्यातून दोनदा, म्हणजे सोळा खेपा. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतलं आहे.

आधी चांगलं. तूरडाळ सरासरी किलोमागे १४ रुपयांनी स्वस्त पडली. साखर, रवा, मैदा यांत फारसा फरक नाही. कपड्यांचा साबण, भांड्यांचा साबण, फिनेल, टूथपेस्ट यांत मात्र खरा फायदा, कारण वाणी हा माल एमआरपीनेच देतो. दिवाळीच्या फराळाचं सगळं तूप आणि सुकामेवा इथून घेतला, तेव्हा एकाच खेपेत ९०० रुपयांच्या वर वाचले. हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता पाट्या. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण इतर ठिकाणी लोक गर्दी, पार्किंग, ट्रॉलीची चाकं यांबद्दल बोलतात, पण पाटीबद्दल कुणी बोलत नाही. सवलतीच्या दुकानात आपण पाटीच्या भरवशावरच माल उचलतो. पाकिटावर असते ती एमआरपी; त्या दराने इथे काही विकलं जात नाही. दुकानाचा खरा दर फक्त दोन ठिकाणी असतो, एक पाटीवर आणि दुसरा त्यांच्या संगणकात. बिल होईपर्यंत दुसरा आपल्याला कळत नाही. तीस-पस्तीस वस्तूंचं बिल भराभर स्कॅन होत असताना, मागून ट्रॉली टेकत असताना, कोणत्या वस्तूला काय लागलं हे कोण बघणार?

सोळा खेपांत मला अकरा वेळा पाटी आणि बिल यांत फरक सापडला. चहाचा प्रसंग यात नाही, तो फेब्रुवारीतला. फरक तीन तऱ्हेचे होते. एक, ऑफर संपली पण पाटी तशीच. दुसरा, पाटी बरोबर पण शेजारच्या मापाची, म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटांखाली ७५० ग्रॅमची पाटी. तिसरा सगळ्यात त्रासाचा: मूळ माल संपलेला, त्या जागी दुसऱ्याच ब्रँडचा माल भरलेला आणि पाटी आधीच्या मालाची. ऑगस्टमध्ये पोह्यांच्या बाबतीत हेच झालं. पाटी साध्या पोह्यांची होती आणि रॅकमध्ये त्याच रंगाच्या पिशवीत कुठले तरी 'खास' पोहे होते, किलोमागे २२ रुपयांनी महाग.

ऑक्टोबरपर्यंत माझी पक्की समजूत होती की हे मुद्दाम केलं जातं. कमी दराची पाटी लावायची, जास्त दराने बिल करायचं, शंभरातली पाच माणसं भांडतील, पंचाण्णव निघून जातील. हे मी घरी आणि सोसायटीत बोलूनही दाखवलं होतं. मग दिवाळीनंतर एका दुपारी वहीत नीट बेरीज केली. अकरापैकी सात फरक माझ्या विरुद्ध होते, एकूण १६३ रुपये. पण चार माझ्या बाजूचे होते. पाटीवर दर जास्त, बिलात कमी, एकूण ५८ रुपये. मुद्दाम करणारा माणूस स्वतःचं नुकसान करणाऱ्या पाट्या कशाला लावेल? सोसायटीत ज्यांना ज्यांना बोलले होते त्यांना मी हे पुन्हा सांगितलं. आरोप केला होता, तो मागे घेणंही माझंच काम होतं.

खरं कारण मला तिथल्याच एका मुलाने सांगितलं. मी रॅकपाशी पाट्यांचे फोटो काढत होते म्हणून तो जवळ आला. आधी वाटलं हटकेल, पण त्याने विचारलं, "ताई, कुठली चुकलीय?" तो घणसोलीहून येतो. म्हणाला, संगणकातला दर वरून एका झटक्यात बदलतो, पाट्या मात्र हाताने बदलाव्या लागतात. रात्री यादी निघते, सकाळी दुकान उघडायच्या आत तिघं-चौघं मिळून शेकडो पाट्या बदलतात, त्यातच नवा मालही लावायचा असतो. महिन्याच्या सुरुवातीला आणि सणाच्या आधी हे काम पुरं होत नाही. तेव्हापासून माझा राग त्या मुलांवर राहिला नाही. पण दुकानावरचा गेला नाही. दर बदलायचा तर पाटी बदलायला पुरेशी माणसं ठेवा. हा तुमचा खर्च आहे, तो गिऱ्हाइकाच्या बिलातून निघता कामा नये.

सप्टेंबरमधला गोंधळ वेगळा होता आणि त्यात दुकानाला मी थोडी सूट देते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तूप-लोणी-चीज आणि फरसाणावरचा १२ वरून ५ वर. करासकट ११८ रुपयांची वस्तू १०५ च्या आसपास यायला हवी, एवढा तो फरक. पण रॅकमध्ये जुन्या छापील किमतीचा माल आणि नव्या किमतीचा माल शेजारी शेजारी. एकाच साबणाच्या तीन वड्यांच्या पाकिटावर दोन वेगवेगळ्या एमआरपी मी स्वतः पाहिल्या. बिलात दोन्हींना नवाच दर लागला, हे मुद्दाम नोंदवते. कपडे धुण्याच्या पावडरीवरचा कर मात्र १८ टक्केच राहिला. माझ्या जावेने "सगळं स्वस्त झालं" म्हणून चार पाकिटं घेऊन ठेवली, तिला मी नंतर सांगितलं.

पाटी ओळखायची एक युक्ती त्याच मुलाने दाखवली. पाटीच्या कोपऱ्यात बारीक आकड्यांत त्या मालाचा बारकोड नंबर असतो. तोच नंबर पाकिटावर बारकोडखाली असतो. आपल्याकडच्या बहुतेक मालाचा नंबर ८९० ने सुरू होतो, त्यामुळे पहिले आकडे पाहून काही कळत नाही. शेवटचे चार जुळवायचे. जुळले तर पाटी त्याच मालाची. याने दुसरा आणि तिसरा घोळ टळतो. पहिला, म्हणजे मुदत संपलेली ऑफर, याने टळत नाही. त्यासाठी पाटीवर तळाशी तारीख असते ती बघायची, आणि तारीख नसेल तर फोटो काढून ठेवायचा.

कायद्याचंही बघितलं. बिल एमआरपीच्या खालीच असतं, त्यामुळे एमआरपीपेक्षा जास्त घेतले अशी तक्रार इथे बसत नाही. पण विक्रीच्या दराबाबत गिऱ्हाइकाची दिशाभूल करणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी अजून फोन केलेला नाही, कारण सातपैकी पाच वेळा पैसे तिथल्या तिथे मिळाले. उरलेल्या दोन वेळी माझ्याकडे फोटो नव्हता.

पाटीबद्दल आणखी एक मागणी आहे. ग्रॅममागे किती पडलं ते पाटीवर लिहा. पाकिटावर ते छापायचा नियम आता आहे: किलोच्या आतलं पाकीट असेल तर दर ग्रॅमला, त्याहून मोठं असेल तर दर किलोला. पण तो आकडा एमआरपीवरून काढलेला असतो आणि हे दुकान एमआरपीने विकत नाही, मग छापलेला आकडा इथे तुलनेला फारसा कामाचा नाही. प्रत्येक वेळी मोबाइलवर भागाकार करावा लागतो.

तेलाच्या रॅकपाशी हे जास्त जाणवतं. पूर्वी तेल, चहा, पीठ अशा काही वस्तूंची पाकिटं ठरावीक मापांतच विकावी लागत. ते बंधन उठलं आणि तेव्हापासून तेलाच्या पिशव्या ८१०, ८४०, ८७० ग्रॅम अशा कुठल्याही मापात यायला लागल्या. दिसायला सगळ्या एक लिटरच्याच. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. डिसेंबरमध्ये १५२ रुपयांची एक लिटरची पिशवी होती आणि शेजारी 'बचत' असं लिहिलेली १४२ ची, ८१० ग्रॅमची. किलोचा हिशेब केला तर पहिली १६७ रुपये पडते, दुसरी १७५. दहा रुपये वाचले असं समजून लोक दुसरी उचलत होते. एका आजोबांना मी हिशेब करून दाखवला, त्यांनी पिशवी बदलून घेतली. मोठं पाकीट नेहमी स्वस्त हेही खरं नाही. शाम्पूच्या पुड्यांची माळ मिलीमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब मी दोन ब्रँडचा करून पाहिला. तरी मी बाटलीच घेते. रोजच्या पुड्यांचा कचरा मला बघवत नाही.

वरच्या मजल्यावरच्या नव्या मालाबद्दल. जिन्याशी लावलेल्या टेबलांवर आणि मधल्या खोक्यांत नवीन आलेलं सामान ठेवतात. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत आणि रविवारी तिथे हात घालायला जागा नसते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गेलं तर माल ताजा लावलेला असतो, माणसं कमी, आणि काही विचारलं तर मुलं नीट उत्तर देतात. इथली माझी सगळ्यात चांगली खरेदी म्हणजे तीन थरांची स्टीलची कढई, ८४९ रुपयांना. सप्टेंबरपासून रोज वापरात आहे. भाजी तळाला लागत नाही, गॅस बारीक ठेवला तरी चालतं, कानाचे रिबिट घट्ट आहेत. सासूबाईंनी आपली पितळी कढई सोडून ही वापरायला घेतली, आणखी काय सांगू?

ऋतू सरता सरता जो माल उतरतो त्यातही अर्थ आहे. सप्टेंबरअखेर मुलांचे रेनकोट निम्म्या किमतीत मिळाले, दोन मापं मोठे घेऊन ठेवलेत. दिवाळीनंतर रांगोळीचे साचे आणि पणत्याही तशाच. पण चादरी घेऊ नका. दोन घेतल्या, तिसऱ्या धुण्यात गोळे आले आणि एकीचा रंग मुलाच्या पांढऱ्या शर्टाला लागला.

ऑगस्टमध्ये त्याच टेबलावरून पाणी गरम करायची विजेची किटली घेतली, ६९९ रुपये, एक वर्षाची वॉरंटी. नोव्हेंबरमध्ये बंद पडली. बिल काढायला गेले तर कागद कोरा. मी तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून फ्रिजवर जपून ठेवला होता आणि तिथेच चूक झाली. या बिलांवर शाई नसते. कागदावरच रसायनाचा थर असतो, तो उष्णतेने काळा होतो. पुढे ऊन, गरमी आणि प्लास्टिकचा सहवास यांनी अक्षरं उडून जातात. आता मी दुकानातून बाहेर पडायच्या आधी बिलाचा फोटो काढते. त्या दिवशी मात्र मी भांडायच्या तयारीनेच गेले होते आणि भांडायची वेळच आली नाही. मदतीच्या टेबलावरच्या बाईंनी मोबाइल नंबर विचारला, त्यावरून ऑगस्टचं बिल शोधलं, पाच मिनिटांत नवी प्रत हातात दिली, वर स्वतःच्या हाताने वॉरंटीच्या कार्डावर शिक्का मारून दिला. इतकी अदबीची वागणूक मला अलीकडे कुठल्याच दुकानात मिळाली नव्हती. किटली दुरुस्त व्हायला पुढे एकोणीस दिवस लागले, पण तो बनवणाऱ्या कंपनीचा विषय.

आता पैशांचा हिशेब. जानेवारीअखेर वहीत बेरीज मांडली. वाण्याच्या दराच्या तुलनेत आठ महिन्यांत वाचले ५,८७० रुपये. सोळा खेपांचं रिक्षाभाडं, जाऊन-येऊन ८० प्रमाणे, १,२८०. आणि यादीत नसलेल्या, तिथे दिसल्या म्हणून घेतलेल्या वस्तू ३,९४० रुपयांच्या. चादरी, किटली, डब्यांचा एक संच, मुलांनी ट्रॉलीत टाकलेला खाऊ. कढई यात धरलेली नाही, ती घ्यायचीच होती. उरले ६५० रुपये. आठ महिन्यांत साडेसहाशे. बेरीज तीनदा केली. मग ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि त्या रात्री आमच्याकडे बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

म्हणून फेब्रुवारीपासून पद्धत बदलली आहे. महिन्यात एकच मोठी खेप, मुलांना न घेता, खाली यादीतलंच सामान: डाळ, साबण, तूप, साफसफाईचं. वरच्या मजल्यावर तीन महिन्यांतून एकदा, आणि तेही काय आणायचं ते घरी ठरवून. सुटे शेंगदाणे, जाडे पोहे, उडीदडाळ पुन्हा वाण्याकडून. त्याचे शेंगदाणे एकदा खवट निघाले होते, शेठने न विचारता बदलून दिले, आणि बदलायला मला जावंही लागलं नाही. मसाल्याची मिरची मात्र कुठल्याच दुकानातून नाही. ती दरवर्षी एप्रिलमध्ये तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटमधून, ब्याडगी आणि संकेश्वरी, सासूबाई स्वतः हातात घेऊन देठ बघतात.

परवा मंगळवारी सकाळी दुकानात गेले होते, फक्त तूरडाळ आणि भांड्यांचा साबण आणायला. चहाच्या रॅकपाशी मुद्दाम वळले. पाटी बदलली होती, ४९२. खालच्या फळीवर कॉफीच्या बाटल्यांपाशी मात्र ५० ग्रॅमची पाटी १०० ग्रॅमच्या बाटल्यांखाली होती. शेवटचे चार आकडे जुळवून खात्री केली, फोटो काढला आणि घणसोलीच्या त्या मुलाला शोधून दाखवला. त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि माझ्यासमोरच ती पाटी काढली.